दुसऱ्या बसचा वाचक

बाई, कॉलेजच्या शोकसभेत तुमच्याबद्दल चौघं बोलले. चौघंही सलग बोलले, कुठंही अडखळले नाहीत. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. तुम्ही शेजारी असता तर हळूच काय म्हणाला असतात, ते मला ठाऊक होतं. "सगळे एकाच बसचे आहेत, भाऊ. कोन अडखळनार?"

हे वाक्य आपल्या कॉलेजाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आणि बाहेरच्या माणसाला जे कळत नाही ते अजून लिहून झालेलं नाही, असं तुमचंच म्हणणं होतं. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी मी तुम्हालाच पुन्हा सांगणार आहे. कंटाळू नका.

अहेरीच्या आपल्या कॉलेजात तुम्ही भूगोल शिकवायच्यात आणि मी ग्रंथपाल. ग्रंथालयाच्या मागे एक खोली आहे. पूर्वी तिथं मोडके बाक टाकलेले असत. तिच्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं आणि झाडापलीकडे बसथांबा. ही खोली तुम्ही मागून घेतलीत ती एका समुद्रामुळे.

पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्या टेबलाशी बसून निबंधांच्या पुस्तकातून काहीतरी उतरवून घेत होता. तुम्ही पुस्तक परत करायला आला होतात. सवयीप्रमाणे त्याच्या पानात डोकावलात.

"काय लिहून राह्यला रे?"

"मी पाहिलेला समुद्र, मॅडम."

"अरे वा. कोन्त्या बसनं गेला होता?"

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"नाई, सांग ना. इथून समुद्राले कोन्ती बस जाते? मी भूगोल शिकवते, अन् मलेच माहीत नाई."

"नाई गेलो मॅडम. पुस्तकात होता."

"तो पुस्तकवाल्यानं पाह्यला. तू काय पाह्यलं?"

त्यानं बराच वेळ विचार केला. टाळाटाळ नव्हती, तो खरोखर आठवत होता. मग म्हणाला, "मी काहीच नाई पाह्यलं."

मला हसू आलं होतं. तुम्ही हसला नाहीत. तो गेल्यावर तुम्ही माझ्या टेबलाशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हा पोरगा थापा नाई मारत, भाऊ. त्याले खरंच वाटते का आपन काही पाह्यलं नाई. आलापल्लीचं एवढं रान ओलांडून रोज येते बिचारा." दुसऱ्या दिवशी तुम्ही प्राचार्यांकडे जाऊन खोली मागितलीत. मराठीच्या विभागाला प्रश्न पडला की लिखाण शिकवायचं काम भूगोलाकडे कसं आलं. तुम्ही म्हणालात, "वाट दाखवायचं काम आहे, आमचंच आहे."

बुधवारी आणि शनिवारी, तास संपले की खोली उघडायची. कुणी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन यायचं, कुणी प्रकल्पाचा अहवाल, कुणी वार्षिक अंकासाठी लिहिलेलं पान. सुरुवातीला तुम्ही लाल पेन घेऊन बसलात. मुलं एकदा आली, दुसऱ्यांदा आली नाहीत. तुम्ही मला म्हणालात, "लाल रेघ दिसली का पोरगं वाक्य नाई पाहत. रेघच पाहते." मग एका बुधवारी तुम्ही पेन घरी ठेवून आलात आणि झाडाखालून चिंचोके वेचून आणलेत. धुऊन, वाळवून एका बिस्किटाच्या डब्यात भरलेत. त्या दिवसापासून खोलीची रीत ठरली.

ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही. आपल्या अंगणातले खड्डे आपल्या पायाला लागत नाहीत, पाय आपोआप वळतो. म्हणून वाचायचं दुसऱ्यानं, मोठ्यानं, आधी न बघता. वाचता वाचता जिथं अडखळेल त्या ओळीवर एक चिंचोका ठेवायचा आणि पुढं जायचं. सल्ला द्यायचा नाही. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, "मला तसं म्हणायचं नव्हतं" असंही म्हणायचं नाही. पान संपलं की दोघांनी मिळून चिंचोके बघायचे. चिंचोका चूक सांगत नाही, जागा सांगतो, असं तुम्ही म्हणायच्यात. चूक कोणती, ते लिहिणाऱ्यानं पाहावं. पाहून झालं की चिंचोका उचलता येतो. लाल शाई उचलता येत नाही.

तुम्ही मात्र या सगळ्यात दिसायच्याही नाहीत. खिडकीशी बसून भूगोल विभागाचे फाटके नकाशे दुरुस्त करायच्यात. मागून कापडाची पट्टी आणि खळ, वरून हाताचा तळवा. नर्मदा अर्धी निघून आलेली असायची, विंध्य घडीवर झिजून पांढरा पडलेला. मुलांना वाटायचं बाईंचं लक्ष नकाशात आहे. मला ग्रंथालयातून उघड्या दारातून दिसायचं की चिंचोका कागदावर टेकला की तुमचा तळवा क्षणभर थांबतो. ज्या ओळीवर तो ठेवला जाई ती ओळ तुम्ही मनात टिपून ठेवलेली असायची. नंतर त्या मुलाशी तुम्ही त्याच ओळीबद्दल बोलायच्यात, आणि तेही एवढंच विचारायच्यात, "इथी काय दिसत होतं तुले? ते सांग. लिहू नको, सांग." तो सांगायचा. "हे काऊन नाई लिहिलं मंग?" याचं उत्तर बहुतेकांचं एकच असायचं. हे लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.

समुद्रवाला मुलगा पुढं खोलीचा नियमित झाला. बसच्या टपावर सायकल बांधून आणली आणि ती वाटेतच सुटली, ही गोष्ट त्यानं लिहिली तेव्हा वाचणारी मुलगी मध्येच हसत सुटली. त्याला नियमाप्रमाणे बोलता येत नव्हतं. शेवटी त्यानं तुम्हाला विचारलं, "मॅडम, हसली तर चिचोका ठेवा लागते का?"

"नाई. हसली तर डब्यातला एक उचल अन् खिशात टाक. तो तुहा."

त्या वर्षी मुलांचे खिसे खुळखुळायला लागले होते.

बाई, मी या खोलीत कधी बसलो नाही. चहाच्या टपरीवर मात्र तुमच्याशी भांडलो. आपलं भांडण एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकलं. मी म्हणायचो, काही वाक्यं अशी असतात की वाचणाऱ्यानं तिथं थांबलंच पाहिजे. तुमच्या चिंचोक्यांच्या भीतीनं मुलं तीही वाक्यं घासून गुळगुळीत करतील. मग पानभर गुळगुळीत दगडच उरतील.

"थांबनं येगळं, भाऊ. अडखळनं येगळं."

"बाहेरून कसं ओळखायचं?"

"बाहेरून कायले? वाचनाऱ्याले विचारा."

"आणि त्यालाही सांगता आलं नाही तर?"

"तर तुम्ही येऊन बसा. इतकी पुस्तकं वाचली, तुमाले तर कळन."

इथं मी चहाचा कप खाली ठेवायचो आणि माझ्या टेबलावर काम आहे असं सांगायचो. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मागून म्हणायच्यात, "बोलायले कोन सांगून राह्यलं? ऐकाले बसा." टपरीवाला हसायचा. एकदा मी चिडून म्हणालो की तुम्हाला भांडायची हौसच आहे. तुम्ही पदर सावरत म्हणालात, "मी चिमूरची, भाऊ. आमच्या गावानं इंग्रजायशी भांडन केलं. तुम्ही तर लायब्ररीवाले."

आता ललिताबद्दल. हे सांगितल्याशिवाय बसचं कळणार नाही.

ललिता मडावी एटापल्लीच्या पुढच्या एका गावाची. गाव आणि रस्ता यांच्यामध्ये नाला आहे. नाल्यावर पूल नाही. पावसाळा लागायच्या आधी तिचे मामा येऊन तिला आपल्या घरी घेऊन जायचे, म्हणजे शाळा चालू राहायची. पाऊस सुरू झाल्यावर नाल्याच्या त्या बाजूला जो राहिला तो राहिला. तिच्या दहावीच्या वर्षी मामांच्या घरी आजारपण होतं, ते आले नाहीत. तिचं वर्ष गेलं. बी.ए. झाल्यावर नागपूरच्या एका कॉलेजात समाजकार्याच्या शिक्षणासाठी तिनं अर्ज केला. वसतिगृह मिळणार होतं. स्वतःबद्दल एक पान लिहून पाठवायचं होतं आणि त्यावर मुलाखत. घरात लग्नाचं बोलणं चालू होतं. नागपूर मिळालं तर ते पुढं ढकलू, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. म्हणजे त्या एका पानावर सगळं होतं.

तिनं सुरुवात केली होती: "त्या वर्षी मामा मला न्यायला आले नाहीत आणि माझी दहावी राहिली." वाचायला बसली होती वनिता, तिच्याच गावच्या बाजूची, तिच्याच बसनं येणारी. वनिता ते पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत गेली. कुठंही थांबली नाही. शेवटी तिचा आवाज भरून आला. पानावर एकही चिंचोका नव्हता. मी दारात उभा होतो. तुम्ही नकाशा बाजूला ठेवलात आणि ललिताच्या डोक्यावर हात ठेवलात. तुम्हाला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं. पान तसंच गेलं.

मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न विचारला गेला. मामा आले नाहीत तर तू स्वतः शाळेत का गेली नाहीस? विचारणाऱ्यांचा काही दोष नव्हता, पानावर नाला नव्हताच. तो ललितानं लिहिला नाही, कारण जो रोज ओलांडायचा तो कोण लिहितो. वनिताला तो दिसला, कारण तिच्याही डोक्यात तो वाहत होता. आणि तुम्हाला दिसला, कारण वर्षानुवर्षं या मुलांचं ऐकून तुम्हीही अर्ध्या त्याच बसच्या झाला होतात. ललिताला वाटलं, आपली टिंगल करताहेत. ती बोललीच नाही.

परत आली ती सरळ खोलीत. मी तेव्हा ग्रंथालयाच्या दाराशी होतो.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यायले नाला माहीतच नवता."

तुम्ही एवढंच म्हणालात, "मले माहीत होता ना. म्हनूनच घोटाळा झाला."

त्या दिवशी तुमचा जेवणाचा डबा तसाच परत गेला. शनिवारी खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेलं होतं: वाचणारा दुसऱ्या बसचा पाहिजे. एटापल्लीकडच्याचं पान सिरोंच्याकडच्यानं वाचायचं, सिरोंच्याकडच्याचं चामोर्शीच्यानं, आणि अहेरी गावातल्याचं त्यानं, ज्यानं अहेरीची गल्ली अजून पाहिली नाही. मैत्रिणीचं पान मैत्रिणीला वाचता येईना म्हणून मुली नाराज झाल्या. एका मुलानं मित्रासाठी वाचायला मिळावं म्हणून "आज मी मुलचेऱ्याच्या बसनं आलो" असं ठोकून दिलं. तुम्ही हात पुढं केलात. "तिकीट दाखव." तो खिसे चाचपत राहिला आणि सगळी खोली हसत राहिली.

पुढच्या वर्षी ललितानं पुन्हा अर्ज केला. तेव्हा वाचायला बसला होता श्रीकांत. त्याचं गाव चामोर्शीकडे, मोठ्या रस्त्यावर, दारातून दिवसभर गाड्या जातात. तो पहिल्या वाक्यावरच थांबला. चिंचोका ठेवला. पुढं जायच्या ऐवजी नियम मोडून म्हणाला, "शाळेत जायले मामा कायले पाहिजे?"

ललितानं नियम मोडला नाही. गप्प बसून राहिली. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही दिसतं. जणू तिच्याच गावाकडे कुणीतरी तिला पहिल्यांदा बाहेरून बघायला लावलं होतं. घरी जाऊन तिनं नाला लिहिला. नाला म्हणजे काय, त्याचा आवाज कधीपासून बदलतो, त्या आवाजावरून आई कोणाला काय बांधून द्यायचं ते कसं ठरवते, हे सगळं. त्यात मामा फक्त एका ओळीत उरले. तिला नागपूर मिळालं.

पण मी नेहमी एवढंच सांगत आलो, की चूक झाली आणि तुम्ही नियम केलात. मधलं मला माहीत नव्हतं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चंद्रपूरला तुमच्या मुलीच्या घरी ललिता आली होती. आता ती महिला बचत गटांचं काम करते. वंदना झाली, जेवणं झाली, आम्ही दोघं बाहेर खुर्च्यांवर बसलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, मॅडम आमच्या घरी आल्या होत्या, माहीत आहे न तुमाले?"

मला माहीत नव्हतं.

"धान कापनं झाल्यावर आल्या. रस्त्यापासून पायी. बाबा घाबरले, म्हने पोरीनं काय केलं? मॅडम ओट्यावर बसल्या अन् बाबाले म्हनल्या, तुमच्या पोरीचं पान चांगलं होतं, वाचून घेन्यात माही चूक झाली. एक वर्ष मले द्या. लग्न एक वर्ष थांबवा." ललितानं खुर्ची जवळ ओढली. "आमच्या घरी येऊन 'माही चूक झाली' म्हननारं याच्या आधी कोनी आलं नवतं, सर. बाबा तेच सांगत राह्यले गावात. एवढी शिकलेली बाई."

मी तुमच्यासोबत रोज चहा प्यायचो आणि तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. मला राग आला होता, बाई, खरंच. परतीच्या बसमध्ये तो उतरला. ज्या माणसापाशी चूक कबूल करायची त्याच्यापाशी तुम्ही करून आला होतात. ती माझ्यासमोर उगाळायची तुम्हाला गरजच वाटली नव्हती. मी इतकी वर्षं पुस्तकं सांभाळली. चांगलं लिहिणं कशाला म्हणतात यावर त्यांत पुष्कळ आहे. पण एखाद्याचं पान नीट ऐकणं म्हणजे त्याच्या ओट्यापर्यंत चालत जाणंही असतं, हे मी तुमच्याकडूनच शिकलो, आणि तेही तुम्ही गेल्यावर.

आपली शेवटची भेट चंद्रपूरच्या त्याच घरात, तुमच्या मुलीकडे झाली होती. परीक्षांचे दिवस होते. खिडकीला पडदा लावलेला, आणि तुम्ही इतक्या बारीक झालेल्या की आधी मला उशीच दिसली. मी तुमच्यासाठी काय आणावं हे न सुचून विभागातला एक फाटका नकाशा गुंडाळून आणला होता. तुम्ही तो पांघरुणावर उलगडून घेतलात, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "कापड आनाले विसरले न?" मी विसरलो होतो. मग तुम्ही विचारलंत, "बुधवारी खोली कोन उघडते?"

"बंद आहे सध्या."

"कायले?"

"परीक्षा चालू आहेत. परीक्षा झाल्यावर बघू."

"परीक्षा झाल्यावर कोन लिहिते, भाऊ?"

तुम्ही नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिलीत. जाताना मी दारात थांबलो, काहीतरी म्हणायचं होतं. मला वाटतं तुम्हाला ते समजलं होतं, कारण तुम्ही हातानंच "जा, बस जाईल" अशी खूण केलीत. काय म्हणायचं होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. तुमचे आभार मानायचे होते, हे तर आहेच. पण त्याहून जास्त हे, की इतकी वर्षं त्या खोलीच्या आणि माझ्या टेबलाच्या मधलं दार मी कधी लावून घेतलं नाही. ऊन यायचं, धूळ यायची, मुलांचा गोंधळ यायचा. शिपाई "दार लावू का?" म्हणायचा. मी नको म्हणायचो.

नवं सत्र सुरू झालं तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. तुमच्या शोकसभेत खरंच गहिवरले होते. म्हणाले, "भाऊ, कोणी बसणार असेल तर खोली राहू द्या. पण नुसती बंद ठेवायची तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला मला जागा नाही." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. मी "बघतो" म्हणालो. मराठीच्या बाई म्हणाल्या, त्यांना दोन विभागांचे तास आहेत. तुमच्या जागी आलेला तरुण प्राध्यापक रोज चंद्रपूरहून ये-जा करतो, दुपारची गाडी पकडतो. मुलं आली असती, पण जुनी पास होऊन गेली होती आणि नव्यांना खोली ठाऊक नव्हती. मग वार्षिक अंकाच्या संपादकांनी तुमच्यावर लेख मागितला, तेव्हा मी हो म्हणालो. लिहिणं मला जमतं. बसणं जमत नाही.

लिहायला निवांत जागा हवी म्हणून बुधवारी मी खोली उघडली. एवढंच कारण होतं. टेबल पुसलं. डबा जागेवर होता. खिडकीशी तुमची खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो नाही, बाकावर बसलो. लिहीत गेलो आणि संध्याकाळच्या सुमारास लेख पुरा झाला असं मला वाटलं.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. पहिल्या वर्षाची, खांद्याला बॅग, हातात चौघडी घातलेला कागद.

"सर, इथी लिहून देतात का?"

"लिहून देत नाहीत."

"मंग काय करतात?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं दारातून पाहिलेली गोष्ट मला दोन वाक्यांत सांगता येईना. शेवटी मी माझा लेख तिच्यापुढं ठेवला आणि डबा सरकवला. "हे मोठ्यानं वाच. जिथं अडखळशील तिथं एक ठेव."

तिचं नाव मौनिका. घरी तेलुगू बोलतात. तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. ती सावकाश, एकेक शब्द पायानं चाचपत वाचायला लागली आणि "एकाच बसचे" या शब्दांवर पहिला चिंचोका पडला. तोवर ते वाक्य मी तसंच सोडून पुढं गेलो होतो. आज या लेखात जे खोलीबद्दल, रीतीबद्दल, ललिताच्या नाल्याबद्दल सांगितलं आहे, ते बहुतेक तिच्या चिंचोक्यांच्या जागी लिहिलेलं आहे. मी गप्प बसून होतो, नियम म्हणून. आणि बाई, आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून पडताना ऐकणं काय असतं, ते मला या वयात कळलं. मुलं कशी सोसत होती कोण जाणे.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. लिहिताना मला ते फार आवडलं होतं. "तुम्ही गेलात आणि खोली बंद झाली." मौनिकानं ते वाचलं. थांबली. मागं जाऊन पुन्हा वाचलं. खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि त्या ओळीवर चिंचोका ठेवला.

वाचून झाल्यावर मी विचारलं, "इथं का ठेवलास?"

"सर, खोली तर उघडी आहे न? आपन बसून आहो इथी."

मला आपलं टपरीवरचं भांडण आठवलं आणि मी तिला विचारलं, "तू त्या जागी अडखळलीस, की थांबलीस?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "ते कसं येगळं राह्यते, सर?"

याचं उत्तर तुमच्याकडे होतं, बाई. माझ्याकडे नाही. ते वाक्य मी काढलं.

मग तिनं आपला कागद उलगडला आणि टेबलावर ठेवला, आणि दाराकडे पाहत राहिली, कुणीतरी येईल म्हणून. दुसरं कुणी येणार नव्हतं.

"कोणत्या बसनं येतेस?" मी विचारलं.

"जिमलगट्ट्याच्या."

मी आलापल्लीच्या बसचा. मी कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत जीभ अडली. मौनिकानं काही सांगायला तोंड उघडलं आणि मी हातानं तिला थांबवलं. मग डब्यात हात घातला, एक चिंचोका त्या ओळीवर ठेवला, आणि पुढं वाचू लागलो.